थांबाची बायको गिऱ्हाईक होते

सायकलच्या दुकानात त्याला सगळे थांबा म्हणायचे. हे नाव त्याने स्वतःच्या तोंडाने कमावलं होतं. नवी सायकल खोक्यातून निघाली, जोडून झाली, चकचकीत उभी राहिली आणि गिऱ्हाइकाने अधीर होऊन हँडलला हात घातला, की मागून आवाज यायचा, "थांबा." मग चाकाचा आउट, म्हणजे फिरतानाची डगमग, काढणं आलं. डावं पेडल पुन्हा आवळून बघणं आलं, कारण त्याचे आटे उलटे असतात आणि घाईतला माणूस तिथेच फसतो. ब्रेकची चकती कुठे घासते का ते कान लावून ऐकायचं. आणि सगळ्यात शेवटी मागच्या बोळातल्या उतारावरून स्वतः सायकल सोडायची आणि छापखान्याच्या भिंतीच्या अलीकडे करकचून ब्रेक मारायचा. भिंत अजून शाबूत होती. मग तो टायर पुसायचा आणि मान हलवायचा. ती मान हलेपर्यंत सायकल दुकानाबाहेर जात नसे. कंटाळून गिऱ्हाईक गेलं तर जावो बापडं.

समोरच्या फुटपाथवर दुसरं दुकान होतं. तिथल्या मिस्त्रीला लोक पाचमिनिटे म्हणत, आणि का ते सांगायला नको. थांबा त्याच्याकडे बघतही नसे. बघितलं की त्याचं रक्त उसळायचं.

आता हाच माणूस घरी कसा होता, तेही सांगायला हवं. घरी त्याच्या तोंडात एकच शब्द असे, "बघतो." न्हाणीघराची कडी खांद्याने दार उचलल्याशिवाय लागत नव्हती. स्वयंपाकघरातला नळ रात्रंदिवस ठिबकत होता. पंखा एक तर बंद असायचा, नाहीतर वादळ. यातलं एकेक काम त्याच्या डाव्या हाताचा मळ होतं, म्हणूनच सगळ्यांचं भिजत घोंगडं पडलं होतं. बायकोने सुरुवातीला सांगून बघितलं, मग ओरडून बघितलं, मग ती खांद्याने दार उचलायला शिकली. पाहुण्यांनाही तीच शिकवायची. "होते सवय," म्हणायची.

ही बायको लाँड्रीच्या काउंटरवर बसायची, गर्दी असली की इस्त्रीही करायची. तिथल्या इस्त्रीवालीची जुनी सायकल मागून आणून ती या वयात चालवायला शिकली आणि तिला वेडच लागलं. दर रविवारी काही बायका गावामागच्या टेकडीवर सायकली चढवत आणि पलीकडच्या दगडगोट्यांच्या वाटेने खाली उतरत. त्यांच्या म्होरकीने तिला स्पष्ट सांगितलं होतं, की या मोडक्या सायकलवर तुला उतारावर नेणार नाही. चांगली माउंटन बाइक आण, मग ये.

नवऱ्याला सांगितलं तर तो काय म्हणेल हे तिला पाठ होतं. म्हणून एके दिवशी ती सरळ दुकानात आली, काउंटरवर मालकाकडे सायकल पक्की केली आणि शनिवारी संध्याकाळी हवी म्हणून सांगितलं. थांबा आतून पाना घेऊन बाहेर आला आणि पान्यासकट उभा राहिला. तू इथे काय करतेस, असं त्याने विचारलं.

"मी गिऱ्हाईक आहे," ती म्हणाली. "मला तुम्ही म्हणा. घरचं काम म्हणून केलंत तर माझ्या नातवंडांना मिळेल ती. शनिवारी नाही मिळाली तर समोरच्या दुकानातून घेईन."

मालक खोकला. थांबाच्या चेहऱ्यावरची माशीही हलली नाही, पण पाचमिनिटेच्या हातची सायकल आणि तो टेकडीचा उतार एकाच वेळी डोळ्यांसमोर आले. त्याने रीतसर चौकशी सुरू केली. उंची विचारली. वजनही विचारलं, कारण धक्के झेलणाऱ्या पुढच्या शॉकमध्ये हवा त्या हिशेबाने भरतात. तिने मालकादेखत खणखणीत आवाजात सांगितलं. इतक्या वर्षांच्या संसारात यातलं आपल्याला काहीच ठाऊक नव्हतं, हे त्याला तिथे उभ्या उभ्या कळलं.

सायकल खोक्यातून निघाली आणि थांबाने तिला इतकं तपासलं की मालकाच्या नाकी नऊ आले. आउट काढलेल्या चाकाचा पुन्हा आउट काढला. ब्रेक घासत नव्हता, तरी ऐकत बसला. मालक म्हणाला, अरे, आता काय बिघडलंय? थांबा म्हणाला, काही नाही, तेच तर बघतोय. खरं म्हणजे त्याला भीती वाटत होती. टेकडीची ती वाट त्याला माहीत होती. तिथून परत आलेल्या वाकड्या चाकांवर त्याचं पोट चालत होतं. एखादा खरा दोष सापडला असता तर रविवार टळला असता, पण सायकल अशी निर्दोष होती की त्याला तिचा राग आला. शनिवारी दुपारी त्याने ती उतारावरून सोडली. भिंतीच्या अलीकडे ती खिळल्यासारखी उभी राहिली. नाइलाजाने त्याने मान हलवली.

संध्याकाळी बायको आली. त्याने सायकल पुढे केली, सीट तिच्या उंचीला बसवली आणि "बघा, बाई," म्हणाला. तिने दोन्ही मुठी धरल्या, ब्रेकवर बोटं टाकली. बोटांची फक्त टोकं ब्रेकच्या दांडीला लागली. तिने अंगठा सोडून हात पुढे सरकवला, तेव्हा कुठे ब्रेक दाबला गेला, आणि मूठ सुटली.

"जरा लांब आहे," ती म्हणाली. "असू दे. होईल सवय."

थांबा जागच्या जागी थिजला. ब्रेकची ती दांडी त्याने नेहमीप्रमाणे स्वतःच्या हाताला बसेल अशी लावली होती, आणि त्याचा पंजा म्हणजे सूप होतं. उंची विचारली, वजन विचारलं, हात कुणाचाच कधी बघितला नव्हता. बारीक हातांची किती माणसं याच जागी हेच बोलून गेली होती, आणि त्याने खुशाल मान हलवली होती. पण त्या माणसांच्या तोंडून ते त्याला कधी ऐकू आलं नव्हतं. या तोंडून तो ते रोज घरी ऐकत होता, आणि उद्या बायको मूठ सोडून त्या उतारावर ब्रेक शोधणार होती.

"सवय नाही करायची," तो म्हणाला. आवाज त्याला वाटलं होतं त्यापेक्षा मोठा आला. "हात द्या इकडे."

त्याने तिचा हात मुठीवर ठेवला, एकेक बोट दांडीपर्यंत नेलं आणि किती कमी पडतं ते बघितलं. बोटाला इस्त्रीचा चटका होता, तो जुना की नवा हेही त्याला सांगता आलं नसतं. मग त्याने दांडीतला बारीक स्क्रू फिरवला. दांडी जवळ आली. दुसऱ्या बाजूचीही आणली. मालकाने वर बघितलं तोवर काम संपलंही होतं.

ती बोळात गेली, उतारावरून सुटली. थांबा भिंतीपाशी जाऊन उभा राहिला. त्याला ओरडावंसं वाटत होतं, पण तो ओरडला नाही. ती त्याच्यासमोर येऊन थांबली, मूठ न सोडता.

"एवढंच होतं?" तिने विचारलं.

"एवढंच."

तिने ब्रेक दाबून बघितला, सोडला, पुन्हा दाबला.

"मग न्हाणीघराच्या कडीसाठी पण मी दुकानातच येऊ का?"

त्याने टायर पुसले. मग आत गेला, दुकान बंद व्हायला अवकाश असताना कोट चढवला, आणि पाना व स्क्रूड्रायव्हर खिशात टाकून तिच्या सायकलमागून घराकडे चालू लागला.