रंजिताची तीज

दारव्ह्याकडच्या बंजारा तांड्यावर श्रावणात तीज पेरतात. पोरी वारुळाची माती आणतात, दुरडीत गहू पेरतात आणि नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात. मान फक्त बिनलग्नाच्या पोरींचा. रंजिता नऊ वर्षांची होती तेव्हा सगळे तिला मुलगाच समजत. एकदा ती चोरून एका दुरडीला पाणी घालायला गेली, तर थोरल्या भावानं, इंद्रजीतनं, लाथ मारून दुरडीच उधळली. ते कोवळे पिवळे कोंब मग जन्मभर तिच्या स्वप्नात उगवत राहिले.

पुढे ती यवतमाळला गेली, बाई म्हणून जगू लागली. आपल्यासारख्या कितीजणींना तिनं रेशनकार्ड, ओळखपत्र मिळवून दिलं. साहेबांच्या दारात ठिय्या दिला, सभा गाजवल्या, पेपरात फोटो आले. मग ग्रामपंचायतीला उभी राहिली अन् आपल्याच तांड्यातून निवडून आली! पण इंद्रजीत तिच्याशी एक अक्षरही बोलत नसे. निवडणूक जिंकणं सोपं हो, भाऊ जिंकणं महाकर्मकठीण.

यंदा तिनं तीज पेरायची परवानगी मागितली. काहींनी नाकं मुरडली. तांड्याचे म्हातारे नायक धावजी मात्र हसले.

"रीत काय हाय? जिचं लग्न नाही झालं, ते पेरते. इचं झालं काय? मंग वाद कायले घालता?"

चौतीस वर्षांची मेंबर चिमुरड्या पोरींच्या रांगेत बसली. आई रुपीबाईनं दुरडी हातात दिली. नऊ दिवस रंजिता अर्ध्या झोपेत असल्यासारखी वावरली. फोन वाजत राहायचा, ती गात राहायची. अंधाऱ्या कोपऱ्यात गहू वीतभर वाढला. तसाच कोवळा, तसाच पिवळा. बघता बघता तिचे डोळे भरून यायचे.

शेवटच्या दिवशी बहिणी ते कोंब उपटून भावांच्या पागोट्यात खोवतात. एकेक भाऊ आपल्या बहिणीपुढं वाकत होता. रंजिता मूठभर तीज घेऊन एकटीच उभी होती.

तेवढ्यात गर्दीतून इंद्रजीत आला. ती भ्यालीच. पुन्हा उधळतो की काय! पण कधी टोपीही न घालणारा तो माणूस बापाचं लाल पागोटं वेडंवाकडं गुंडाळून आला होता. तो तिच्यापुढं वाकला. ती कोंब खोवायला गेली, तर त्या वेड्यावाकड्या पागोट्यात घडीच सापडेना.

"खोव ना बाई लवकर," तो खालमानेनंच म्हणाला, "पागोटं सुटून राह्यलं."