नकाशातून काढलेली शेड

श्रावण सोमकुवर सर नागपूरच्या एका कॉलेजात वास्तुकला शिकवत. जुनी इमारत पाडायची नाही, तिला नवं काम द्यायचं, हा त्यांचा आवडता विषय. १९८६च्या हिवाळ्यात ते अकरा विद्यार्थ्यांना छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या, गाडीनं सौंसरला घेऊन आले. तिथल्या बंद पडलेल्या जिनिंगचं, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्याचं, वाचनालय कसं करता येईल, याचे नकाशे काढायचे होते.

सौंसर आपलं गाव, हे सरांनी विद्यार्थ्यांना सांगितलं होतं. आपली आई चंद्रकलाबाई याच जिनिंगात बावीस वर्षं कापूस निवडत होती, हे मात्र सांगितलं नव्हतं.

मापं घेताना विजयमाला नावाच्या विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, मागच्या टिनाच्या शेडचं काय?"

"ती नंतर जोडलेली आहे. काढून टाका."

विटांच्या कमानींवर आणि मालकाच्या कचेरीवर मात्र सर तासभर बोलले.

तिसऱ्या दिवशी नकाशे भिंतीवर लावले. गावचे लोक पाहायला आले. चंद्रकलाबाईही आल्या, धुतलेलं पांढरं लुगडं नेसून. सर लांबूनच हसले, जवळ गेले नाहीत. नकाशासमोर बराच वेळ उभं राहून चंद्रकलाबाईंनी विजयमालाला विचारलं, "बाई, आमी बसत होतो ते कुठी हाय यात?"

"कोण बसत होतं, आजी?"

"आमी बाया, कापूस निवडाले. मशीनपाशी आमाले जाऊ देत नोते. तिथंच टिनाखाली लेकरं निजवत होतो. हा श्रावणबी तिथंच मोठा झाला नं बाप्पा!"

सगळ्यांनी सरांकडे पाहिलं.

"ती शेड नंतरची नाही," ते कसेबसे म्हणाले. "कारखान्याबरोबरच बांधलेली आहे. मी खोटं बोललो."

"का, सर?" विजयमालानं विचारलं.

आईच मध्ये पडली. "राहू द्या नं बाई. उन्हाळ्यात लय तापत होतं ते टिन. कोणाले आठवावं वाटन?"

आईनं आपल्याला सांभाळून घेतलं, याचीच सरांना जास्त लाज वाटली.

विद्यार्थ्यांनी शेडसकट नवा नकाशा काढून नगरपालिकेत दिला. पण वाचनालय झालं नाही. दोन वर्षांनी जिनिंग पाडलं.

माफी मागायची म्हणून सर नकाशांच्या त्या हिवाळ्यातच तीनदा सौंसरला गेले. तिन्ही वेळा आईनं ज्वारीची भाकर वाढली, सुनेची विचारपूस केली, आणि सर जेवून परत आले.