भिंगमामांची विकाऊ दुर्बीण

भिंगमामांना दुर्बीण विकायची होती, पण ती कुणी विकत घ्यावी हे त्यांना अजिबात मंजूर नव्हतं. गंगाखेडच्या एका चष्म्याच्या दुकानात त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली होती : 'जुनी दुर्बीण विकणे आहे. उगीच चौकशीला येऊ नये.' मी चौकशीला गेले आणि पुढचे दोन महिने बेजार झाले.

मामा एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. खिशात कायम एक भिंग. कुणी लग्नाची पत्रिका दिली तरी आधी भिंगातून कागदाचे धागे बघायचे, मग मजकूर. दुर्बीण त्यांना एका प्राध्यापकांनी गाव सोडताना दिलेली. छातीएवढ्या उंचीची पांढरी नळी, तळाशी आरसा, वरच्या टोकाला बाजूनं डोळा लावायची जागा. मी आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर, तीही भौतिकशास्त्राची. हे मी पहिल्याच वाक्यात सांगितलं आणि तिथंच चुकलं.

"बी.एस्सी. बाई, मंग तिकांडं कुटं उगवतं ते हात करून दावा."

तिकांडं म्हणजे मृगातले एका ओळीतले तीन तारे. मी मृग नक्षत्राची माहिती सांगायला लागले.

"माहिती नको. हात करा."

मी हात केला. मामा मामींकडे वळून म्हणाले, "ऐकलं का, हिचं तिकांडं उगवतीला सोडून गोदावरीतून निघायलंय!"

पोखर्णीपलीकडच्या आमच्या गावाहून एसटीनं धक्के खात गेलेली मी, तशीच परत आले. दुसऱ्या खेपेला आरशावरची धूळ बघून मी ओढणीचं टोक पुढं केलं, तर मामा असे ओरडले की शेजारची म्हैस बिथरली. "पुसायचं न्हाई! धुळीनं थोडं कमी दिसंल, पुसल्यानं कायमचं जाईल!" तिसऱ्या खेपेला म्हणाले, "आज ढग हायत. आज व्यवहार न्हाई." ढगाचा आणि व्यवहाराचा काय संबंध, असं मी विचारलं. "तुमी कामून घाई करायलात?" एवढंच उत्तर.

शेवटी एकदाची दुर्बीण घरी आली. आमच्याकडे ट्रॅक्टर असो की मिक्सर, नवी वस्तू आधी मारुतीला दाखवायची. आई म्हणाली, दुर्बिणीतून आधी कळसाचं दर्शन घ्यायचं. गच्चीवर मांडली, कळस धरला. आईनं डोळा लावला आणि मागं सरकली. "अगं बया! कळस उलटा!"

मी बघितलं. खरंच कळस खाली, देऊळ वर. चुलती म्हणाली, "देवाचं टोक खाली घातलंस, आता गावाचं काय खरं न्हाई." उलट्या प्रतिमेची आकृती मी परीक्षेत पट्टी लावून काढलेली होती. त्या क्षणी तिची एक रेघ आठवली असेल तर शपथ. म्हाताऱ्यानं बिघडलेली वस्तू गळ्यात मारली, एवढंच डोक्यात. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये घालून गंगाखेड गाठलं.

"मामा, सगळं उलटं दिसतंय यातून! घरच्यांना कळस दाखवला, तोही उलटा!"

मामा हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी शांतपणे विचारलं, "चंद्राची खालची बाजू कोन्ती, बाई?"

मी हवेत बोटानं गोल काढला आणि बोट तसंच राहिलं.

"ठिवा तिथं. आता न्हाई द्यायची. तुमी बघायला न्हाई, दाखवायला नेली."

हे लागलं. मी दिवस मावळेपर्यंत भांडले. अखेर मामा म्हणाले, "शनी लावा. लागला तर बोलू." मी अंगणात दुर्बीण फिरवत होते, तेवढ्यात ते स्वतःच चाचपत आले आणि वाकून डोळा लावला. "हां. लय साफ दिसायलाय."

नळीच्या तोंडावरचं झाकण मी अजून काढलेलंच नव्हतं.

मामी दारातून बघत होत्या. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाल्या, "काचबिंदू हाय. दिवसा अंधूक दिसतं, अंधारात काईच न्हाई. सहा महिने झाले, दिसतंय असंच बोलायलेत."

मी आवाज न करता झाकण काढलं. शनी सापडायला वेळ लागला. "दिसला, मामा."

"काय दिसला?"

"भोवती कडं आहे."

"ते पुस्तकात बी हाय. चिटकलंय का सुटं हाय?"

मी पुन्हा बघितलं. शनी सारखा निसटत होता, मी नळी सरकवत राहिले. "सुटं आहे. मधे बारीक काळी फट आहे. दोन्हीकडे."

मामांनी नळीवरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "न्या."

त्यानंतर ते होते तोवर, जे बघितलं ते फोनवर सांगायचं अशी सक्ती होती. 'छान दिसला' म्हटलं की फोन कट. मला संताप यायचा. एवढी शिकलेली बाई मी, एका शब्दासाठी फोन कट! आता तसं करणारं कुणी नाही. तरी वहीत कधी 'छान' लिहून जातं. मी चरफडते, तो शब्द खोडते आणि पुन्हा डोळा लावते.