शनिवारचा क्लास आणि एका पानाचा फॉर्म

“मॅडम, या शनिवारपासून केटीचा क्लास बंद करते,” स्नेहल म्हणाली आणि तिने अप्रेझलचा फॉर्म माझ्या टेबलावर ठेवला.

खांदेश्वरजवळच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजात मी विभागप्रमुख आहे. स्नेहल आमच्याकडे गणित शिकवते. केटी म्हणजे नापास झालेला विषय, जो पोरं पुढच्या वर्षात सोबत घेऊन जातात. अशा पोरांना ती तीन वर्षं दर शनिवारी स्वतःहून शिकवत होती. वर्गात बसायला जागा नसायची.

“का गं?”

“प्रमोशनला सहा पॉइंट कमी पडतायत. जर्नलमध्ये पेपर छापला की पॉइंट, सेमिनारला गेलं की पॉइंट. शनिवारचं शून्य. मग शनिवारी मी पेपरच लिहिते ना.”

तिचं काही चुकत नव्हतं. मी फॉर्म पुन्हा पाहिला. स्वतःहून घेतलेल्या तासांना रकानाच नव्हता. तो फॉर्म मीच बनवला होता. दुसऱ्या कॉलेजचा नमुना घेतला (तसंच करतात सगळे) आणि एका पानात बसेना म्हणून शेवटचा रकाना उडवला. तो नेमका हाच. आपलेच दात, आपलेच ओठ.

तशीच प्रिन्सिपॉल सरांकडे गेले आणि चूक कबूल केली.

“रकाना घालू की,” सर म्हणाले. “पण या वर्षीचे पॉइंट द्यायचे तर पुरावा लागेल. जिओटॅग फोटो आहेत?”

जिओटॅग फोटो म्हणजे तारीख, वेळ आणि ठिकाण नोंदलेला फोटो. आमच्याकडे झाड लावलं तरी तो लागतो. झाड जगलं नाही तरी चालतं.

स्नेहलकडे एकही नव्हता. “शिकवू की फोटो काढत बसू?” ती वैतागली. शिवाय तिच्या वर्गात मोबाईलला बंदी. फळ्याचा फोटो काढलेला तिला खपत नाही. वहीत उतरवून घ्यायचं, असा नियम.

मी क्लासच्या मुलांना बोलावून कुणाकडे फोटो आहे का विचारलं. सगळ्यांनी आधी मोबाईल खिशात सरकवले. शेवटी कोपरखैरण्याची तन्वी पुटपुटली, “स्नेहल मॅडम ओरडनार नाय ना? आमी काढतो फोटो. फळ्याचे. गुपचूप.”

एकट्या तिच्या मोबाईलमध्ये वर्षभराचे शनिवार निघाले, तारीख, वेळ, ठिकाणासकट. काहींत स्नेहलही होती, पाठमोरी, हातात खडू.

सर एकेक फोटो बघत गेले. एकावर थांबले. “इंटिग्रेशन आम्हाला कुणी असं शिकवलं नाही हो,” म्हणाले आणि सही केली.

स्नेहलचं प्रमोशन झालं. मला स्वतःच्या प्रमोशनपेक्षा जास्त आनंद झाला. क्लास चालू आहे. तन्वीला ओरडा बसलाच. फोटोंतली सगळी गणितं वहीत लिहून आणावी लागली. त्यामुळे असेल, पण तिची केटी सुटली.

फॉर्म आता दोन पानांचा आहे. एक पान वाचवायला गेले होते, शनिवारचा क्लास घालवून बसले असते.