वरच्या मजल्यावरचे पेशीवाले डॉक्टर

देवाने माणसाला फुप्फुसे दिली ती श्वास घेण्यासाठी नव्हे, तर आमच्या वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांना बोलायला विषय मिळावा म्हणून, असे माझे ठाम मत आहे. पॅथॉलॉजी शिकवण्यात त्यांची हयात गेली. पण फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांकडे ते ढुंकूनही पाहत नसत. त्यांचा जीव त्या पिशव्यांच्या मधल्या पातळ जागेत राहणाऱ्या पेशींवर. इजा झाली की या पेशी धागे विणून ती बुजवतात. "लई कष्टाळू लेकरं," ते सांगत, "पण थांबायचं कवा, ते समजत नाय. विणतच राहिली की सगळं फुप्फुस चिवट होऊन बसतं." हे त्यांनी मला भाजी घेताना, माझ्या मुलीच्या साखरपुड्यात आणि एकदा माझी मान न्हाव्याच्या हातात असताना ऐकवले आहे. पळायला जागा नव्हती, आणि खरे सांगायचे तर पुढे काय होते ते मला ऐकायचेही होते.

रस्त्यात कुणी खोकले की डॉक्टर थांबलेच. चितेगावच्या कारखान्यातला कामगार असो की लग्नातला आचारी, "काम काय करता? धूळ किती? घरी काय पाळलंय?" अशी उलटतपासणी सुरू. एका नवरदेवाच्या मामाला तर त्यांनी पंगतीतून उठवून त्याच्या पाठीला कान लावला होता.

गच्चीवर त्यांची स्वतःची चाळीसेक कबुतरे होती. खुराडी रोज त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, झाडत आणि विष्ठेची-पिसांची धूळ त्यांच्या नाकातोंडात जाई. त्यांना कोरडा खोकला लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, "फोडणीचा ठसका असंल." वर्षभर तेच म्हणाले. शेवटी वहिनींना जिना चढताना धाप लागू लागली. छातीचे डॉक्टर यांचेच जुने विद्यार्थी. स्कॅन पाहून त्यांनी हळूच विचारले, "सर, घरी अजून कबुतरं आहेत ना?" मी सोबत होतो. हा प्रश्न डॉक्टरांनी गावभर विचारला होता, फक्त घरी विचारायचा राहिला होता.

त्याच संध्याकाळी कबुतरे खुलताबादच्या एका शौकिनाकडे गेली. चार दिवसांत निम्मी परत आली, तेव्हा डॉक्टर गच्चीवर उभे राहून त्यांना अक्षरशः हात जोडत होते.

वहिनींचे फुप्फुस जेवढे चिवट झाले तेवढे झाले. पुढे वाढू नये म्हणून औषध चालू आहे. डॉक्टर आता पेशींचे नाव काढत नाहीत, आणि मला ते फार लागते. एकदा मीच विचारले, "त्यांना थांबवायचं काही निघालं का हो?" "शोधायलेत," एवढेच म्हणाले.

रोज सकाळी दोघे फिरून येतात. वहिनी माझ्या दारापाशी दम घ्यायला थांबल्या, की आपल्यामुळे खोळंबा झाला असे त्यांना वाटू नये म्हणून डॉक्टर खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागतात. पायात चपला असतात. वहिनी नाडी बांधून होईपर्यंत थांबतात.