उंदरांच्या खोलीतली थोरली

थोरलीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. मेंदूच्या प्रयोगशाळेत उंदरांचे पिंजरे धुण्याचे काम तिच्याकडे आणि तिच्या सख्ख्या धाकट्या बहिणीकडे होते. मी शेजारी बॉयलर सांभाळायचो. घासलेल्या पिंजऱ्याच्या कोपऱ्यात थोरली बोट फिरवायची. चिकट लागले की पुन्हा घासायची. धाकटीही तशीच. पण दोघींचे पटत नव्हते. एका छपराखाली राहायच्या आणि एकमेकींच्या तक्रारी माझ्याकडे करायच्या.

एकदा डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बसवून आपले संशोधन सांगितले. मेंदूतल्या काही पेशी मज्जातंतूंवर मायलिनचे वेष्टण चढवतात, वायरवर प्लास्टिक असते तसे. त्या पेशींत कोणते जनुक कधी चालू करायचे, हे एकाच घराण्यातली प्रथिने ठरवतात. बाईंनी काही उंदरांतले असे एक प्रथिन काढून टाकले. उंदीर ठणठणीत. काढलेल्या प्रथिनाच्या भावंडाने, म्हणजे त्याच घराण्यातल्या दुसऱ्या प्रथिनाने, काम सांभाळून घेतले होते.

एवढे ऐकून व्यवस्थापक साहेब चहाला उठले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी धाकटीला घरी बसवले.

“एकीवर भागतं. विज्ञानच आहे तसं.”

“मग विज्ञानाला घासायला लावा,” थोरली म्हणाली, आणि दोघींचे काम एकटी ओढू लागली. काम चोख, त्यामुळे साहेब खूश.

“धाकटीची नोकरी मीच खातेय, दादा,” ती मला म्हणाली. “पण वाईट घासायला हातच वळत नाही.”

शेवटी तिची कंबर धरली. अंथरुणातून उठता येईना. दुपारपर्यंत वास जिन्यापर्यंत पोचला. साहेब नाकाला रुमाल बांधून स्वतः पिंजरे घासायला बसले. घासणे कसले, कुरवाळणेच ते. डॉक्टरबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

“चहाला गेलात, त्यानंतरचं राहिलं तुमचं. दोन्ही प्रथिनं काढली की वेष्टण धड चढत नाही. उंदीर थरथरतो.”

साहेबांनी संध्याकाळीच धाकटीला बोलावले.

आठवड्याने थोरली कामावर आली.

“माझा ब्रश वापरलास?”

“त्याला ब्रश म्हणतात होय?” धाकटी म्हणाली.

दोन पगार पुन्हा सुरू झाले. ते साठवून दोघींनी घराच्या मधोमध भिंत बांधून घेतली. थोरलीने तीत खिडकी ठेवायला लावली.

“वेगळं राहायचंय तर खिडकी कशाला?” गवंड्याने विचारले.

“मग भांडायला काय रस्त्यावर जायचं?”