दादाचं कोरडं तळघर

त्या पावसाळ्यात माझ्या तळघराचे दोन्ही झरोके मी चिंध्या कोंबून, वर चिखल लिंपून बंद केले. ओली हवा आत येऊ नये, हा हेतू. आत होती ती ओल बाहेर कुठून जाणार, हा प्रश्न मला पडला नाही. उलट आजूबाजूच्या चार लोकांना बोलावून लिंपण दाखवलं.

तळघर म्हणजे माजघराखालची कमरेएवढी पोकळी. आत रांगतच जावं लागे. वडील आणि काका वेगळे झाले तेव्हा घराच्या मधोमध भिंत आली, ती खालीही आली. अलीकडे मी, पलीकडे माझा चुलतभाऊ. तो माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, म्हणून दादा. माझ्या बाजूला भिंतींना कापसासारखा पांढरा बुरा आणि पोत्यांना कुबट वास. दादाकडे म्हणे पापडसुद्धा मऊ पडत नसत. हे मला बायकोने सांगितलं, तेही दोनदा.

आमची दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी, पाऊस उघडल्यावर पेरायची, म्हणजे तिचं बी अख्खा पावसाळा सांभाळायचं. तीन वर्षं माझं बी बुरशीने गेलं होतं आणि तीन वर्षं मी दादाच्या ओट्यावर जाऊन बी मागितलं होतं. दादा द्यायचा, वर कुणाला बोलायचाही नाही. तेच मला सोसत नव्हतं. एकदा तरी गावभर बोलला असता, तर मला त्याला नावं ठेवता आली असती. त्याचे बैल, त्याच्या मिशा, त्याच्या म्हशीचं दूध, सगळं मी कसंबसं गिळलं होतं. चौथ्या वर्षी बी मागायची पाळी आली तर गाव सोडीन, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं.

म्हणून झरोके बुजवले. त्यावर, बुरा दिसला की तळघर सारवायचं, असा नेम धरला. बायको नको म्हणत होती. मग मीच ताजं शेण कालवून, गुडघ्यांवर रांगत, दर चार दिवसांनी जमीन आणि भिंती सारवू लागलो. सारवलं की घर शुद्ध होतं, एवढं मला माहीत होतं. शेणात पाणी असतं, हे डोक्यात आलं नाही. बुरा वाढतच गेला. माझी खात्री झाली की दादाची ओल भिंतीतून माझ्याकडे येते आणि माझा कोरडेपणा त्याच्याकडे जातो.

श्रावणातल्या एका सोमवारी गाव प्रकाशा या तीर्थाच्या गावी दर्शनाला निघालं. दादाही गाडी जुंपून गेला. मी गुडघा दुखतो म्हणून मागे राहिलो, आणि दुपारी त्याच गुडघ्यांवर दादाच्या तळघरात शिरलो. काय युक्ती आहे ते एकदा बघायचंच होतं.

युक्ती काहीच नव्हती. झरोके उघडे, वारा आरपार. जमीन नुसती, सारवण पोपडे येऊन गेलेलं. कणग्या दगडांवर उचलून ठेवलेल्या. जवळच्या लहान कणगीत हात घातला, तर राख लावलेली दादर बोटांतून खळखळली. इतका राग आला की मूठभर दाणे खाली फेकून द्यावेत असं वाटलं.

मागून वहिनींचा आवाज आला. त्यांची म्हैस नुकती व्यालेली, म्हणून त्या गेल्या नव्हत्या. त्यांना माझे फक्त पाय दिसत होते.

"भाऊ, काय दखी ऱ्हायनात?"

मांजर शिरली, असं मी म्हणालो.

"ती कनगी तुमनीच शे," वहिनी म्हणाल्या. "सांडू नका."

मग त्यांनी सगळं सांगितलं. पाऊस लागायच्या आधी, मी शेतात असताना, माझ्या बायकोने बियाची दादर टोपल्या टोपल्यांनी इकडे वाहिली होती. माझ्या कणगीत भरली ती खायची दादर. दोन महिने मी जीव तोडून जिच्यावर पहारा केला, ती खायची आहे हे मला ओळखूही आलं नव्हतं. पावसाळ्यात खाली कुणी सारवतं का, असंही वहिनींनी विचारलं. मी अजून मांजरच शोधत होतो.

बी वाचलं होतं. आनंद व्हायला हवा होता. पण उलट्या पावली रांगत बाहेर येताना मनात एकच गोष्ट टोचत होती : माझं बीसुद्धा त्याच्याकडेच सुखात आहे.

संध्याकाळी बायको भाकरी थापत होती. मला का नाही सांगितलंस, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं. तिने तव्यावरची भाकरी उलटली.

"सांगं ऱ्हातं, तं तुम्ही त्याच दिवशी कनगी घर लई येतात," ती म्हणाली. "मंग पेरतात काय? शेन?"